विकण्यापूर्वी घराचे नूतनीकरण करावे का?

आपली सदनिका पुण्यातील एखाद्या जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल, तर फरशी बदलण्याआधी पुनर्विकासाची चर्चा कुठवर आली आहे, हे सचिवांना विचारावे. कारण जी इमारत पाडली जाणार, तिच्यातील नव्या ओट्याचे पैसे सहसा कोणी देत नाही. न्हाणीघरातील गळती आणि पावसाळ्यात भिंतींना येणारी ओल मात्र मुळापासून थांबवावी, नुसता रंग लावून झाकू नये, कारण जाणकार खरेदीदार आधी छताचे कोपरेच पाहतो. मॉड्युलर किचनचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे (नवा मालक ते बहुधा उखडतोच). मोठे बदल केलेच, तर पक्की बिले जपावीत: सुधारणेचा भांडवली खर्च करपात्र नफ्यातून वजा होतो, रंगरंगोटीचा आणि किरकोळ दुरुस्तीचा सहसा होत नाही.