प्लॉट विकून लेकीला प्रो टेनिस खेळवू का?

प्रश्न: मुलगी 18 वर्षांची, टेनिसच्या ज्युनिअर जागतिक क्रमवारीत पहिल्या दीडशेत. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची पूर्ण शिष्यवृत्ती आलीय, पण कोच म्हणतात, आत्ताच प्रो व्हा, ही वर्षं परत येत नाहीत. 2009 मध्ये 9 लाखांना घेतलेला प्लॉट आता 52 लाखांना जातोय. तो विकून तीन वर्षं तिला खेळवू का? वय 50, पीएफ 31 लाख, थोडी एफडी, धाकटा दहावीत. (एक वडील, सांगली)

उत्तर: नाही, आत्ता विकू नका.

तुम्ही पाठवलेला खर्चाचा तक्ता मी दोनदा वाचला. स्पर्धांसाठी ट्युनिशियातल्या मोनास्तिरचं तिकीट, हॉटेल, रॅकेटच्या तारा, अगदी जादा सामानाचं भाडंही त्यात आहे. कोचच्या प्रवासाच्या रकान्यात मात्र शून्य! वर्षाचे 16 लाख तुम्ही काढलेत ते या शून्यामुळे. कोच सोबत धरला तर माझ्या हिशेबाने 30 लाखांच्या खाली येत नाही. प्लॉटवर भांडवली नफ्याचा कर साडेपाच लाखांच्या घरात जाईल. उरलेल्या साडेसेहेचाळीस लाखांत तीन वर्षं नाही, दीड वर्ष निघेल.

बक्षिसांवर भिस्त ठेवू नका. सुरुवातीच्या 15 हजार डॉलरच्या स्पर्धेत ही रक्कम सगळ्या खेळाडूंत मिळून वाटली जाते. एकेरी जिंकणाऱ्या मुलीला दोन हजार डॉलरच्या आसपास मिळतात. सुमित नागल 2015 मध्ये विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत विजेता होता. 2023 मध्ये त्यानेच सांगितलं की खात्यात 900 युरो उरलेत आणि वर्षाचा खर्च 80 लाख ते 1 कोटी आहे, तोही फिजिओशिवाय. पुढे तो पहिल्या शंभरात आला, पण मधली वर्षं कुणीतरी भरून काढावी लागतातच. युकी भांब्री तर ज्युनिअरमध्ये जगात पहिला होता, 2009 चा ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुलांच्या एकेरीचा विजेता. दुखापतींनी गाठलं आणि एकेरीत 83 च्या वर जाता आलं नाही.

कोचना टेनिस माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, त्यांची घाई मी खोटी म्हणत नाही. पण कॉलेज म्हणजे टेनिस सुटलं असं नाही. ऋतुजा भोसले अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि नंतर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. सोमदेव देववर्मनही व्हर्जिनिया विद्यापीठातून प्रो झाला.

शिष्यवृत्ती घ्या. फक्त पत्रात ती एका वर्षाची दिसतेय. नूतनीकरण कशावर ठरतं, दुखापत झाली तर काय, हे विद्यापीठाकडून लेखी मागवा. विमानभाडं आणि उन्हाळी सुटीतल्या स्पर्धांसाठी वर्षाला 5 लाख एफडीतून बाजूला काढा. पीएफला हात नको.

चार वर्षांनी ती 22 ची असेल, प्लॉट तुमच्याच नावावर असेल. तेव्हा तिची महिलांमधली क्रमवारी बघून पुन्हा लिहा, कदाचित मीच विका म्हणेन. आणि हो, तिला हा तक्ता दाखवलाय का? धाकट्यालाही दाखवा. प्लॉट त्याचाही आहे.