वाचकांचे सवाल : पेटीचा सूर अडकला तर काय करायचं?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की मोबाईल बाजूला ठेवा आणि वर्षातून एक तरी गाण्याचा कार्यक्रम समोर बसून ऐका, तर त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या महिन्याचं अख्खं सदर त्यातच चाललंय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : जगातल्या गाजलेल्या लाइव्ह कार्यक्रमांमधले तुमच्या मते टॉप पाच कुठले? लिस्ट द्या, म्हणजे एकेक ऐकून काढतो. (जुळे सोलापूर, कॉलेजला आहे)

उत्तर : लिस्ट नाही देत बाबा, लिस्टा मीपण लई केल्यात, सगळ्या वहीत पडून आहेत. एकच सांगतो पण नीट सांगतो. जर्मनीतलं कोलोन शहर, तारीख २४ जानेवारी १९७५. कीथ जॅरेट म्हणून अमेरिकन जॅझ पियानोवाला, हा माणूस आधी काहीही न ठरवता एकटा स्टेजवर बसायचा आणि सुचेल ते वाजवायचा, म्हणजे आपल्याकडं आलाप बांधत जातात तसंच थोडंफार. कार्यक्रम ठरवला होता व्हेरा ब्रँडेस नावाच्या अठरा वर्षांच्या पोरीनं. मागवलेला मोठा कॉन्सर्ट पियानो, आणि ऑपेरा हाऊसच्या लोकांनी स्टेजवर आणून ठेवला तालमीतला छोटा. वरचे सूर पत्र्यासारखे, खालचे पोकळ, पेडल धड चालेना. त्यात जॅरेटची पाठ धरलेली, झोप झालेली नाही, तो म्हणाला मी वाजवत नाही जा. पोरीनं विनवण्या केल्या तेव्हा कुठं तयार झाला, आणि ऑपेरा संपल्यावर रात्री साडेअकराला, चौदाशेच्या आसपास लोकांसमोर बसला.

मग त्यानं काय केलं, तर वरच्या खराब सुरांकडं फारसा गेलाच नाही. मधल्या पट्ट्यातच राहिला, आणि खालचा आवाज येत नाही म्हणून डाव्या हातानं तोच तोच ठेका घुमवत ठेवला, जोरात. तासाभराच्या वर चाललं ते. त्याची रेकॉर्ड निघाली आणि एकट्या पियानोच्या रेकॉर्डमध्ये तिच्याएवढी दुसरी खपली नाही. चांगला पियानो असता तर तो काहीतरी वेगळंच वाजवून घरी गेला असता.

मला हे लगेच पटलं कारण मी असं एकदा डोळ्यानं बघितलंय. मोहोळ तालुक्यातल्या एका गावात सप्ताह होता, मी पाहुण्यांकडं गेलेलो, रात्री भजन सुरू व्हायच्या वेळेला लाइट गेली ती गेलीच. माईक बंद, एक गॅसबत्ती आणि कंदील. ते चाललं असतं हो, पण पेटीची पांढरी तीनची पट्टी आत बसली ती वर येईना, भाता हलवला की तो सूर आपला चालूच. पेटीवाला घामाघूम, टाळकरी हसायला लागले, एकजण म्हणाला पेटी ठेवा बाजूला, नुसत्या पखवाजावर म्हणू. आमचे बुवा एरवी काळी दोनमध्ये गाणारे, त्यांनी दोन मिनिटं डोळे मिटून तो अडकलेला सूर ऐकला आणि म्हणाले, "त्यो एवढा वरडतोय तर त्योच सा धरा की." झालं! अडकलेला सूर तंबोऱ्यासारखा मागं सारखा लागून राहिला, आणि सगळ्यांना अर्धा सूर वर गावं लागलं, म्हणजे तार सप्तकात जायचं म्हणजे शिरा ताणायच्या, बुवांचं वय सत्तरच्या पुढं. पण ती माणसं पहाटेपर्यंत उठली नाहीत, बाया पोरं मांडीवर झोपवून बसलेल्या. दुसऱ्या दिवशी सोलापुरातून पेटी दुरुस्त करून आणली आणि त्या रात्रीचं भजन अगदी साधं झालं. हे सांगताना मला अजून हसू येतं.

प्रश्न : पोरगं म्हणतंय इंग्रजी बँडचा स्टेडियममधला शो बघायला मुंबईला जायचं, तिकीट हजारात. त्यांचे पप्पा म्हणतात तेवढ्यात घरात स्पीकर येईल. कुणाचं ऐकू? (पूर्व भाग)

उत्तर : ताई, तुमच्या मिस्टरांचा हिशोब बरोबर आहे, आवाज घरच्या स्पीकरवर जास्त स्वच्छ येतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून शंभर मीटर मागं बसलात तर ढोल तुम्हाला पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा ऐकू येणार आणि स्क्रीनवर काठी आधीच पडलेली दिसणार. म्हणून मोठ्या मैदानात मध्ये मध्ये स्पीकरचे टॉवर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडतात.

पण पोरगं आवाजासाठी चाललंच नाहीये. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इथिओपियातल्या दुष्काळासाठी लाइव्ह एड झालं, ७२ हजार माणूस, प्रत्येक बँडला वीसेक मिनिटं. क्वीनचा नंबर आला तेव्हा उजेड होता, म्हणजे लायटिंगचा खेळ नाहीच. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्यानं नुसतं तोंडानं लांब हेल काढला, लोकांनी तो परत म्हणून दाखवला, त्यानं अजून अवघड काढला, लोकांनी तोपण म्हटला. आपल्याकडं कीर्तनात बुवा एक ओळ म्हणतात आणि मागून सगळे म्हणतात, त्यातलाच प्रकार की हा. आणि हा माणूस पारशी, खरं आडनाव बलसारा, शिकायला होता आपल्या पाचगणीत, पहिला बँडपण त्यानं तिथल्या शाळेतच काढला. तर जाऊ द्या त्याला. फक्त सोबत कोण आहे, परत कधी येणार ते विचारून घ्या आणि दशमी-चटणी बांधून द्या, तिथं पाण्याच्या बाटलीचे काय भाव असतात ते विचारू नका.

प्रश्न : लाइव्ह अल्बममध्ये जो लोकांचा आवाज असतो तो खरा असतो का हो? (होटगी रोड)

उत्तर : कधी असतो, कधी नंतर टाकलेला असतो. जॉनी कॅश या अमेरिकन गायकानं १३ जानेवारी १९६८ ला कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गायलेलं, त्या रेकॉर्डवर खुनाची ओळ आली की कैदी आरडाओरडा करतात असं ऐकू येतं, अंगावर काटा येतो. तो आवाज नंतर स्टुडिओत घातलाय. खरे कैदी जपूनच ओरडत होते, पहारेकरी बघतायत म्हणून. मला विचाराल तर ती शांतताच ठेवायला पाहिजे होती, पण कंपनीला रेकॉर्ड विकायची होती.

प्रश्न : शास्त्रीय गाण्यात टाळ्या कधी वाजवायच्या? मागच्या वेळी मी एकटीनंच वाजवली आणि सगळे वळून बघायला लागले. (सात रस्ता)

उत्तर : वाजवा हो बिनधास्त. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी कार्यक्रम होता, रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावत होते आणि हजारो लोकांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या. रविशंकर हसून म्हणाले की जुळवणं एवढं आवडलं तर वादन अजून आवडेल. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दाद द्यायची एवढं लक्षात ठेवा, ती कळली नाही तर तबलेवाल्याच्या चेहऱ्याकडं बघा.

प्रश्न : सगळं परदेशातलंच का? आपल्या जिल्ह्यात काही झालंच नाही का? (मोडनिंब)

उत्तर : मोडनिंबच्या माणसानं हा प्रश्न विचारायचा! तुमच्या गावातल्या कला केंद्रांवर संगीत बारीची लावणी ऐकायला कुठून कुठून लोक येतात. विठाबाई नारायणगावकर जन्मानं पंढरपूरच्या. त्यांची गोष्ट तमाशात सगळे सांगतात, दिवस भरलेले असताना फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. पब्लिकच्या लक्षात आलं तेव्हा लोकांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितलं. हे लोक कौतुकानं सांगतात, मला मात्र दरवेळी वाटतं की त्या बाईला परत का यावं लागलं, फडावरच्या किती माणसांचं पोट त्या रात्रीच्या तिकिटावर असेल.

प्रश्न : सवाई गंधर्वला एकदा जायचंय, सोलापूरहून कसं जमवावं? पहिल्यासारखी मजा राहिली नाही म्हणतात, खरं का? (बाळीवेस)

उत्तर : अर्धं खरं. भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या आठवणीसाठी १९५३ ला पुण्यात हा महोत्सव सुरू केला, तेव्हा आणि पुढं कित्येक वर्षं रात्रभर चालायचा. लोक घोंगड्या, थर्मास घेऊन बसायचे आणि उजाडता उजाडता तोडी, भैरव त्या त्या वेळेला कानावर पडायचे. २००० साली आवाजाचे नियम आले, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. त्यामुळं मध्यरात्रीचे आणि पहाटेचे राग मोठ्या मैदानावर ऐकायला मिळणं अवघड झालंय. नियम चुकीचा आहे असं नाही म्हणत, आमच्या गल्लीत डॉल्बी लागते तेव्हा मीच घड्याळ बघत बसतो.

जायचं असेल तर डिसेंबरात सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरा, दुपारी पुण्यात थोडं झोपून घ्या, संध्याकाळी मैदान. जमिनीवरची बैठक घ्या, खुर्चीपेक्षा स्वस्त आणि शेजारचे म्हातारे फुकट शिकवतात. स्वेटर न्या, आपल्याकडं थंडी म्हणजे काय ते ठाऊक नाही. आणि शेवटच्या दिवशी गाणं संपलं म्हणून चपला शोधायला पळू नका. सगळ्यांचं झाल्यावर सवाई गंधर्वांची जुनी भैरवीची रेकॉर्ड लावतात, स्टेजवर कुणी नसतं, तरी लोक जागचे हलत नाहीत. तेवढं ऐकून निघा, परतीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री उशिरा येते, आरामात मिळते.