मेडिकल सर्व्हे म्हणजे सर्वेक्षण नव्हे

प्रश्न असा आहे: कॅलिफोर्नियातल्या एका एचएमओविषयीचं (हेल्थ मेंटेनन्स ऑर्गनायझेशन, म्हणजे ठरावीक डॉक्टर-दवाखान्यांमार्फत उपचार देणारी आरोग्य योजना) पत्रक मराठीत करायचं आहे. त्यात ‘मेडिकल सर्व्हे’, ‘एक्झामिनेशन’ आणि ‘इन्व्हेस्टिगेशन’ हे शब्द येतात. सर्वेक्षण, परीक्षा आणि तपास चालतील का?

माझ्या मते तिन्ही टाळावेत.

‘सर्वेक्षण’ वाचलं की घरोघर फिरून तक्ते भरणारे लोक आठवतात. इथे तसं काही नसतं. 1975 च्या नॉक्स-कीन कायद्यानुसार राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ मॅनेज्ड हेल्थ केअरला, म्हणजे अशा आरोग्य योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या विभागाला, प्रत्येक परवानाधारक योजनेची किमान तीन वर्षांतून एकदा झडती घ्यावी लागते. विभागाची माणसं नाकारलेल्या उपचारांच्या फायली उघडतात. नकाराचं वैद्यकीय कारण स्पष्ट लिहिलंय का, तक्रारीची पोच 5 दिवसांत गेली का, निकाल 30 दिवसांत लागला का, हे फायलीगणिक पाहतात. प्राथमिक अहवालावर उत्तर द्यायला योजनेला 45 दिवस मिळतात. मग अंतिम अहवाल जाहीर होतो आणि राहिलेल्या त्रुटींचा पाठपुरावा 18 महिन्यांच्या आत होतो. याला मराठीत सरळ ‘तपासणी’ म्हणतात. पत्रकात ‘वैद्यकीय सेवांची तपासणी’ लिहावं. नुसतं ‘वैद्यकीय तपासणी’ लिहिलं तर वाचणारा रक्त-लघवीपर्यंत पोचेल!

‘एक्झामिनेशन’ बहुधा पैशाच्या बाजूची असते आणि ती किमान पाच वर्षांतून एकदा होते. तिला ‘आर्थिक तपासणी’ म्हणावं. ‘लेखापरीक्षण’ मोहात पाडतं, पण ते सनदी लेखापालाचं वार्षिक काम. ही नियामकाने घेतलेली तपासणी आहे.

खरी गोची ‘इन्व्हेस्टिगेशन’ची. आपल्याकडे तपास पोलीस करतात. ‘अन्वेषण’ म्हटलं तर सीबीआय आठवते. हा विभाग समन्स काढून कागद आणि साक्षी मागवू शकतो, दंड करू शकतो, परवाना निलंबित किंवा रद्दही करू शकतो, पण फौजदारी खटला चालवत नाही. म्हणून ‘चौकशी’. ठरावीक पाळीबाहेर, सबळ कारणावरून होणाऱ्या तपासणीला ‘विशेष तपासणी’ म्हणावं.

एचएमओ मात्र एचएमओच राहू द्या. ‘संघटना’ लिहिलंत तर कामगार युनियन वाटेल.

आणखी एक. ‘सरकारी नियामक’ असं मोघम लिहू नका. आपल्याकडे विम्याचा नियामक केंद्रीय आहे. अमेरिकेत 1945 च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचं नियमन मुख्यतः राज्यांकडे ठेवलंय. तिथेही फाटा आहे: नोकरी देणाऱ्या खासगी मालकाने स्वतःच्या पैशातून चालवलेली ‘सेल्फ-फंडेड’ योजना असेल, तर 1974 च्या एरिसा या नोकरीतल्या लाभांविषयीच्या केंद्रीय कायद्यामुळे राज्याच्या विभागाचा तिच्यावर अधिकार चालत नाही. कार्डावर नाव ओळखीच्याच विमा कंपनीचं दिसतं, म्हणून लोक हमखास चुकीच्या दारात तक्रार घेऊन जातात. पत्रकात ही ओळ ठळक टाका: ‘योजना सेल्फ-फंडेड आहे का, हे आधी नोकरीच्या ठिकाणी विचारा, असल्यास केंद्रीय श्रम विभागाकडे जा.’