कुठला 'सिनेमा पॅराडिसो' दाखवू?

प्रश्न: आमचे बाबा तालुक्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, मी तर त्यांच्या केबिनमध्येच वाढले. त्यांना 'सिनेमा पॅराडिसो' दाखवायचाय पण कुठे तो दोन तासांचा आहे तर कुठे जवळजवळ तीन, मग खरा कुठला? आणि त्यात फिल्म पेटते तसं खरंच व्हायचं का?

उत्तर: ताई, आधी दोन तासांचाच दाखवा, 124 मिनिटांचा. तसे खरे सगळेच आहेत. दिग्दर्शक तोर्नातोरेने 1988 मध्ये इटलीत रिलीज केला तो 155 मिनिटांचा होता आणि तिथे चाललाच नाही, मग कापून छोटा केला आणि त्यालाच 1989 मध्ये कान फिल्म फेस्टिव्हलला ज्युरीचं मोठं बक्षीस आणि 1990 मध्ये परदेशी सिनेमाचं ऑस्कर मिळालं. 173 मिनिटांचा नंतर आला, त्यात मोठ्या झालेल्या तोतोची, म्हणजे केबिनमध्ये रमणाऱ्या त्या पोराची, प्रेमकहाणी पुढे जाते आणि थिएटरचा ऑपरेटर आल्फ्रेडो याच्याबद्दल असं काही कळतं की त्याचा राग येतो. वाईट नाहीये तो, पण पहिल्यांदा आल्फ्रेडो त्या लहान पोराला दिसतो तसाच दिसू दे ना.

आगीचं अगदी खरं आहे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो, म्हणून पेटली की पाण्यातसुद्धा विझत नाही, आणि दिव्यासमोर जरा अडकली की खेळ खलास. 1950 च्या सुमारास सहज न पेटणारी सेफ्टी फिल्म आली, त्यामुळे बाबांच्या हातून बहुतेक तीच गेली असेल, पण जुन्या ऑपरेटर लोकांकडून त्यांनी ऐकलं असणारच, विचारून बघा.

आणि सिनेमातलं इटलीच्या सिसिली बेटावरचं ते गाव त्यांना अजिबात परकं वाटणार नाही बघा. पाद्री रिकाम्या थिएटरात एकटाच सिनेमा तपासायला बसतो, पडद्यावर चुंबन आलं की घंटी वाजवतो आणि वर केबिनमध्ये आल्फ्रेडो रिळात तिथेच कागदाची चिठ्ठी घालतो, नंतर कापायला. ते कापलेले तुकडे तोतोला हवे असतात, एवढं लक्षात ठेवा. मग दोन थिएटरांत एकच प्रिंट, सायकलवरून रिळं नेणारा माणूस वेळेत पोचत नाही आणि खाली पब्लिकचा नुसता आरडाओरडा! बाबा तिथे नक्की काहीतरी सांगायला लागतील, तेव्हा सिनेमा थांबवा आणि ऐका, घाई कसली आहे.

शेवटी मात्र थांबवू नका. तिथे संवाद नाहीत, फक्त मॉरिकोनेंचं म्युझिक आहे, सबटायटल वाचायला लागत नाहीत, बाबांनी चष्मा काढला तर काढू द्या.