वाळूच्या वळ्यांवर (पाण्याखालच्या वाळूवर उठलेल्या छोट्या उंचवट्यांच्या ओळींवर) पाणी मागेपुढे झालं की भोवरे नेमके कुठे बनतात?

वळीच्या माथ्यापलीकडे, प्रवाहाच्या आडोशाला. माथ्यावर पाण्याचा वेग वाढतो, पण पलीकडच्या उतारावर ते वाळूला चिकटून राहत नाही. सुटतं आणि खळग्यात गरगरतं. खरी गंमत पुढे आहे. प्रवाह उलटला की तो भोवरा पोटातली वाळू घेऊन माथ्यावरून वर उसळतो आणि दुसऱ्या बाजूला नवा बनतो. म्हणजे पाण्याच्या एका पुढे-मागे फेरीत प्रत्येक वळीमागे दोन भोवरे. पुण्यात कॉलेजच्या हायड्रॉलिक्स लॅबमध्ये काचेच्या टाकीत शाई सोडून हे पाहिलंय (खडकवासल्याच्या काठावर बघायला जाऊ नका, गढूळ पाण्यात काही दिसत नाही). ब्रिटिश शास्त्रज्ञ हर्था एअर्टन यांनी १९०४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे वाळूच्या वळ्यांवरचा निबंध वाचला, त्यातही हे भोवरे आहेत. मात्र वळी पुरेशी उभी हवी. तिची उंची लांबीच्या (दोन माथ्यांमधल्या अंतराच्या) साधारण दहाव्या भागाहून कमी असेल, तर पाणी नुसतं वरून सरकतं.