निसर्गचित्रांची आवड आहे, पण चित्रकलेची पदवी नाही. आर्ट गॅलरीत काम मिळू शकतं का?

मला मिळालं. मी बी. कॉम. आणि माझा हात बेताचाच, त्यामुळे चित्रं काढून मिळालं असं मुळीच नाही.

मी मूळची वाईची. शाळेत इंटरमिजिएटची परीक्षा दिली तेव्हापासून रविवारी पॅड आणि पाण्याची बाटली घेऊन मेणवलीच्या घाटावर जाऊन बसायचे. पुण्या-मुंबईचे चित्रकार तिथे लँडस्केप करायला येतात. त्यांच्या मागे उभं राहून बघणं हाच माझा क्लास. घाटाच्या पायऱ्यांवरचं ऊन अर्ध्या-पाऊण तासात सरकतं, म्हणून जाणकार मंडळी सावल्या आधीच एकदा मांडून घेतात. मग ऊन कुठेही जावो, चित्रात तीच वेळ राहते. मी मात्र सरकत्या उन्हामागे सावल्या बदलत बसायचे आणि शेवटी कागदावर चिखल व्हायचा! आणखी एक गोष्ट तिथे कळली. पारदर्शक जलरंगात पाण्यावरची चकाकी रंगवत नाहीत, तेवढा कागद कोराच सोडतात. कृष्णेचं पाणी म्हणजे बराचसा न रंगवलेला कागद.

पुण्यात एका छोट्या गॅलरीत बिलं आणि हिशेब बघायला लागले. एकदा प्रदर्शन लावताना ‘श्रावण’ अशी चिठ्ठी असलेल्या चित्रात मला निष्पर्ण, लालभडक पांगारा दिसला. पांगारा फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. श्रावणात तो हिरवागार असतो. दोन चित्रांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. उद्घाटनाला तासभर उरलेला. मालकीणबाईंनी चिठ्ठ्या बदलल्या आणि पुढच्या प्रदर्शनापासून मला हिशेबाच्या टेबलावरून उठवून भिंतीपाशी उभं केलं. (आई अजून विचारते, चित्रं टांगायचा पगार देतात का गं?)

काम काय असतं ते आता सांगते, कारण बाहेरून ते फार तरल वाटतं. ड्रिल, स्पिरिट लेव्हल, टेप. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ ते ६० इंचांवर येईल असं मोजायचं. आलेल्या प्रत्येक चित्राचे डाग, सुरकुत्या, फ्रेमचे टवके लिहून ठेवायचे, फोटो काढायचे. नाहीतर परत पाठवताना वाद होतात. पावसाळ्यात कागदावर बुरशी आणि कसर. काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, आणि तो आम्लरहितच हवा. स्वस्त माउंटमुळे कागद पिवळा पडतो आणि जलरंगात तर कोऱ्या सोडलेल्या कागदावरच सगळी मदार! नदीची चकाकीच मळते. ही गोष्ट मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

सगळ्यात अवघड गेला तो प्रकाश. तो लक्समध्ये मोजतात. भर दुपारी घाटावर लाखभर लक्स असतो. तिथे काढलेलं चित्र गॅलरीत मात्र ५० लक्सच्या आसपास ठेवायचं, कारण जलरंग उडतात, विशेषतः काही लाल-गुलाबी छटा. पहिल्यांदा मला ते अंधारकोठडीत टाकल्यासारखं वाटलं होतं. तैलरंगांना २०० पर्यंत चालतं.

डोळा तयार करायचा असेल तर कोल्हापूरला जा. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथल्या कोटितीर्थ तलावाच्या परिसराची चित्रं काढली. १९२२ साली शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं पाण्यात सोडून दिली असं तिथे सांगतात. खरं असेल तर माझ्यासारखीच्या पोटात गोळा येतो. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालयही आहे. नट म्हणून सगळे ओळखतात, निसर्गचित्रकार म्हणून कमी. रीतसर शिकायचं असेल तर बडोद्याच्या विद्यापीठात म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकवतात. मोठ्या संग्रहालयात जायचं असेल तर बहुधा तशी पदवी लागते. छोट्या गॅलरीत तेवढं अडत नाही.

मुलाखतीत ‘मला निसर्ग आवडतो’ असं म्हणू नका, सगळेच म्हणतात. मुलाखतीची वाट तरी कशाला बघता? जवळच्या गॅलरीत प्रदर्शन उतरवायचा दिवस विचारून घ्या आणि त्या संध्याकाळी जाऊन ‘मदत करू का’ म्हणा. लावायला चित्रकाराचे मित्र हजर असतात, उतरवायला कुणीही नसतं.