वजीर इतक्या लवकर बाहेर काढू नकोस

तुझे चेसचे गेम्स बघितले रे. अटॅकची हौस आहे ते मस्तच, ती सोडू नको, पण दुसऱ्याच चालीला वजीर एच५ च्या घरात, मग उंट सी४ ला आणि एफ७ वर मात करायची घाई, हे आता बंद कर. समोरचा घोडा सी६ ला काढतो, मग प्यादं जी६ ला खेळतो, तुझा वजीर एफ३ ला जातो, तो दुसरा घोडा एफ६ ला आणतो, म्हणजे त्याचे दोन्ही घोडे बाहेर आणि तुझा वजीर नुसता फिरतोय. त्यापेक्षा घोडे-उंट काढ, कॅसल कर म्हणजे राजा हत्तीच्या बाजूला सुरक्षित ने, मग हाण की!

३ मिनिटांचं ब्लिट्झ थोडं कमी कर, १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंदवालं रॅपिड खेळ, विचार करायची सवय त्यातच लागते. हरलास की लगेच इंजिन (चाली तपासणारं सॉफ्टवेअर) लावू नको, आधी स्वतः शोध कुठे फुकटात मोहरा गेला ते, लीचेस या चेसच्या साइटवर अ‍ॅनालिसिस फ्रीच आहे.

आणि एंडगेम, म्हणजे थोडेच मोहरे उरतात तो शेवटचा भाग, त्याचा सराव कर प्लीज. परवाचा गेम जिंकलेला होता रे, प्यादं पुढे पळवलंस नि राजा मागेच राहिला म्हणून ड्रॉ झाला, राजा प्याद्याच्या पुढे न्यायचा असतो.